मदत हवी आहे: भुलीच्या नळीने आवाज जातो का? (तातडीचं)

मंजुळा_अंधेरी: गुरुवारी परळला ऑपरेशन आहे, जनरल ॲनेस्थेशियाखाली. मी डबिंग करते, आवाजावरच पोट आहे. ओळखीतल्या एकीचा आवाज श्वासासाठी घशातून घातलेली नळी काढल्यावर कितीतरी दिवस घोगरा होता. नळी न घालता भूल देता येते का? किंवा सगळ्यात बारीक नळी घाला असं सांगता येतं का? ‘घाबरू नका, सगळं छान होईल’ छापाची उत्तरं कृपया नकोत.

गिरगावकर: ऑपरेशन कसलं?

खिडकीची_सीट: स्पायनल मागा. माझं हर्नियाचं तसंच झालं. टेबलावर पडल्या पडल्या डॉक्टरांशी क्रिकेटवर गप्पा मारत होतो.

गिरगावकर: अहो, स्पायनलने कमरेखालचं बधिर होतं. ताईंचं ऑपरेशन कुठलं ते त्यांनी सांगितलंय कुठे?

मेडिक्लेम_मामा: कॅशलेस आहे का? टीपीएची, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्यांची, मंजुरी आली का?

झोपवणारी: भूल देणं हेच माझं काम. नळीचा नंबर, म्हणजे तिचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये, विचारता येतो. बायकांना साधारण सातची घालतात, सहा-साडेसहाचीही बऱ्याचदा चालते. पण खरा त्रास देतो तो नळीच्या टोकाशी असलेला कफ, म्हणजे हवेचा फुगा. त्यातला दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरइतका हवा. बोटाने चाचपून अंदाज घेतला की तो सर्रास जास्त भरतो. पीएसीला, म्हणजे भुलीआधीच्या तपासणीला, गेलात की ‘कफचं प्रेशर मीटरने मोजता का’ हे विचारा. भुलीसाठी नायट्रस ऑक्साइड वापरणार असतील तर तो वायू फुग्यात शिरतो आणि दाब वाढत जातो, मग पुन्हा पुन्हा मोजावं लागतं. नंतर दोन-तीन दिवस घसा बऱ्याचदा खवखवतो, त्याला घाबरायचं नाही. काही ऑपरेशनांना एलएमए, म्हणजे घशात बसवायचा मास्क, पुरतो, तो स्वरतंतूंच्या वर बसतो, मधून जात नाही. पण आधी ऑपरेशन सांगा!

दादरची_काकू: मंजुळा, जेष्ठमध चघळ गं. आमच्या भजनी मंडळात सगळ्या तेच करतात.

खिडकीची_सीट: काकू, जेष्ठमधाने बीपी वाढतं. ऑपरेशनच्या तोंडावर कसले प्रयोग सांगताय?

दादरची_काकू: तुम्ही हर्नियावाले, तुम्हाला गळ्यातलं काय कळणार?

झोपवणारी: दोघंही थोडे थोडे बरोबर. भुलीआधी जेष्ठमधाच्या पाण्याने गुळण्या केल्या तर नंतरची खवखव कमी होते, असं अभ्यासांत दिसलंय. पण गुळण्या, गिळणं नव्हे. आणि उपाशीपोटी असताना भूलतज्ज्ञाला विचारल्याशिवाय तेही नको.

मंजुळा_अंधेरी: थायरॉईडची गाठ आहे, उजवी बाजू काढणार आहेत. त्याचा इथे काय संबंध? प्रश्न नळीचा आहे. पुढच्या आठवड्यात रेकॉर्डिंग लागलंय.

गिरगावकर: हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं!

झोपवणारी: सगळा संबंध तिथेच आहे, मंजुळा. स्वरतंतू हलवणारी नस थायरॉईडला अगदी खेटून जाते. ती दुखावली तर त्या बाजूचा तंतू नीट हलत नाही. वरून येणारी आणखी एक बारीक शाखा आहे, तिला धक्का लागला तर वरची पट्टी जाते. साधं बोलणं ठीक, पण किंचाळण्याचा सीन जमणार नाही. नर्व्ह मॉनिटर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना ती नस तपासत राहणारं यंत्र, वापरणार का, हे सर्जनला विचारा. त्यात नळीवरच इलेक्ट्रोड असतात आणि ते तंतूंना टेकावे लागतात. ती नळी साध्या नळीपेक्षा जराशी जाडच असते, त्यामुळे ‘बारीकच घाला’ हा हट्ट इथे उलटा पडेल. ऑपरेशनआधी ईएनटीकडून दुर्बिणीने तंतू बघून नोंद करून ठेवा. नंतर कुजबुजत बोलू नका, त्याने ताण येतो. दोन आठवड्यांनीही घोगरेपणा राहिला तर पुन्हा दुर्बीण. आणि रेकॉर्डिंग पुढे ढकला.

खिडकीची_सीट: थायरॉईड तर गोळीने जातं, कापायचं कशाला? माझ्या मेहुणीचं...

गिरगावकर: मेहुणीला गाठ होती की रक्ततपासणीत नुसता टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं हार्मोन) वाढला होता?

मंजुळा_अंधेरी: सर्जनना फोन केला. मॉनिटर आहे म्हणाले, पण त्याचं बिल वेगळं लागेल. दुर्बीण उद्या. मेडिक्लेम मामा, मंजुरी आली आहे, पण हा मॉनिटर त्यात बसतो का?