उन्हाचे पैसे? सोलापूरला ऊन काय नवीन आहे का बे?

बाळीवेसकर
काल इथं एकानं लिहिलं, "सोलापूरला ऊन काय आज पडतंय? उन्हानं बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणे! हवामान बदलाच्या नावाखाली गरिबांना फुकट पैसे वाटायचा नवा धंदा निघालाय." तेवढं वाचून झोप उडाली. (लाईटही गेली होती, ते सोडा.)

ऊन जुनंच आहे, मान्य. पण पारा 43-44 ला गेला की पत्र्याखाली बसून विड्या वळणाऱ्या बाईचा हात चालत नाही. मजुरी हजार विड्यांवर. हजाराच्या जागी सहाशे झाल्या तर चारशेंचे पैसे कोण देणार? खेड्यात रोजगार हमी तरी आहे. वि. स. पाग्यांची ती कल्पना, 72 च्या दुष्काळात कामी आली, 1977 ला महाराष्ट्रानं कायदा केला, 2005 ला देशानं उचलली. शहरातल्या बाईला हमी कसली? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2024 चा अहवाल सांगतो, हवामानाच्या तडाख्यात सगळ्यात पुढं असलेल्या 20 देशांत जेमतेम 8.7 टक्के लोकांना कसलं तरी सामाजिक संरक्षण मिळतं. म्हणजे ज्याला छत्री पाहिजे, त्याच्याकडंच नाही.

उजनीकाठचा
"एकानं" कशाला, मीच लिहिलंय. आमचे आजोबा 72 ला खडी फोडायचे, सुकडी खाऊन. पाझर तलाव उभे राहिले. घाम गाळून घेतलेला पैसा होता तो. आता लाडक्या बहिणीचे 1500 आले की खुरपायला बाई मिळत नाही.

पूर्वभाग
दीड हजारात महिनाभर कोण घरी बसतं हो? रोज किती देता ते आधी लिहा.
माझ्या आईनं तीस वर्षं विड्या वळल्या. विडीवर सेस होता, म्हणजे कामगारांसाठीचा वेगळा कर, त्यातून दवाखाना, घराला मदत, पोरांची स्कॉलरशिप. माझी अकरावीची पुस्तकं त्यातलीच. 2017 ला जीएसटी आला आणि सेस गेला. त्यावर कुणी पोस्ट टाकली नाही.

टेंभुर्णी_नाका
विड्या राहू द्या, पाण्याचं बोला. उजनी धरण 117 टीएमसी, त्यातलं 64 च्या आसपास मृतसाठा. पाऊस पडणार पुण्याकडं, तेव्हा धरण भरणार. 2024 च्या उन्हाळ्यात मृतसाठ्याच्याही खाली, पार वजात गेलं. तरी उसाचं क्षेत्र हलत नाही. शहरात नळ चार-पाच दिवसांनी आणि ह्यांचा ऊस हिरवागार.

उजनीकाठचा
आलं! कुठलाही विषय काढा, शेवटी ऊसवाला चोर. ऊस नको तर काय लावू? मालदांडी ज्वारी? हुरडा पार्टीला गोड लागते, आडत्याकडं नेली की भाव पडतो. उसाला एफआरपी आहे, कारखान्यानं द्यायची किमान किंमत, कायद्यानं ठरलेली. कारखाना पैसे थकवतो, मागच्या सालचे माझे अजून अडकलेत, पण मिळतील एवढी खात्री असते. डाळिंब लावलं होतं, तेल्या रोग आला, बाग उपटली. तेव्हा कोण आलं होतं विचारायला?

टेंभुर्णी_नाका
ठिबक तरी करा मग.

उजनीकाठचा
केलंय. दहा वर्षं झाली. न बघता बोलू नका.

बाळीवेसकर
थांबा. "कायद्यानं ठरलेली", "मिळतील एवढी खात्री". दादा, आम्ही दुसरं काय मागतोय? तुम्हाला हमी मिळाली की ती शेती, विडीवाल्या बाईला मिळाली की फुकट?

गुजरातेत 2023 ला कष्टकरी बायकांच्या 'सेवा' संघटनेनं 21 हजार बायकांचा उष्णतेचा विमा काढला. पंचनामा नाही, तलाठी नाही. पारा ठरलेल्या आकड्याच्या वर राहिला की पैसे थेट खात्यावर.

उजनीकाठचा
पहिल्या वर्षी रुपया मिळाला नाही कुणाला. वाचतो मी पण.

बाळीवेसकर
खरंय. आकडा फार वर धरला होता. पुढच्या वर्षी अटी बदलल्या आणि पैसे मिळाले.

उजनीकाठचा
पंचनामा नको, एवढं पटलं. आमच्या गारपिटीचा पंचनामा झाला तोवर दुसरं पीक निघालं होतं. पण सोलापूरला आकडा किती धरणार? 40 धरला तर अख्खा एप्रिल-मे वाटतच बसाल.

पूर्वभाग
वेधशाळेचा पारा धरूच नका. सावलीतला असतो तो. पत्र्याखालचा धरा.

उजनीकाठचा
मग थर्मामीटर कुणाच्या पत्र्याला बांधायचा ते पण ठरवा. आमच्या गोठ्यावर पत्राच आहे.