अनुभव धागा : पोरांच्या हाती कोणती भयकथा, कोणती जादूची कादंबरी?

मे महिन्यात गावी आलेली दहा ते सोळा वयाची पोरं भुताखेतांची नाहीतर जादूची पुस्तकं मागतात. कोणतं कधी द्यावं, गाडी कुठे अडते, ते नेमकं लिहा. नुसतं 'छान आहे' चालणार नाही.

देवगड
जादू फुकटात मिळाली की कादंबरी पडलीच. अर्सुला ले ग्विनच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'त (1968) वस्तूचं खरं नाव कळल्याशिवाय मंत्र चालत नाही, आणि गर्वापोटी केलेल्या एका मंत्रातून सुटलेली सावली नायकाच्याच मागे लागते. आपल्याकडे हा हिशोब जुना आहे. आरवलीच्या वेतोबाला चामड्याच्या चपला वाहतात. रात्री राखणीला फिरून त्या झिजतात अशी श्रद्धा. देवाच्या चपला झिजतात, मग नायकाने निदान दमावं तरी! पहिल्या पन्नास पानांत जादूची मर्यादा कळते का बघा. नाही कळली तर शेवटी लेखक पोतडीतून नवाच मंत्र काढणार.

मालवण
हॅरी पॉटरचे सातही भाग (1997–2007) एकदम देऊ नका. पहिले तीन नऊ-दहा वर्षांच्या पोराला झेपतात. चौथा जाडीला तिसऱ्याच्या दुप्पट, आणि शेवटाकडे शाळेतल्याच एका मुलाचा खून. नायक दर भागात वर्षाने वाढतो, वाचणारा एका सुट्टीत वाढत नाही. तिसऱ्यानंतर वर्षभर थांबवा. (थांबत नाहीत, तो भाग वेगळा.)

गुहागर
भीतीला रक्त लागतंच असं नाही. नील गेमनच्या 'कोरलाइन'मधल्या (2002) दुसऱ्या आईला डोळ्यांच्या जागी काळी बटणं आहेत, बस्स. मोठ्याने वाचणार असाल तर बैठकीला एकच प्रकरण, तेही दिवसाउजेडी. ती बटणं कोरलाइनच्या डोळ्यांवर शिवायची म्हणते, त्या सुई-दोऱ्याच्या प्रसंगावर थांबू नका, तो ओलांडून थांबा. अर्धवट सोडलेलं पोरं रात्री अंथरुणात स्वतःच पुरं करतात.

कणकवली
नारायण धारपांची 'लुचाई' पंधरा-सोळाच्या आत नको. मूळ स्टीफन किंगचं 'सालेम्स लॉट' (1975), म्हणजे अख्खं गाव हळूहळू गिळणारी गोष्ट. त्याआधी धारपांच्याच 'समर्थ' या भुताखेतांशी लढणाऱ्या नायकाच्या कथा द्या. तिथे सोडवणारा कोणीतरी येतो, एवढा आधार त्या वयाला लागतो.

वेंगुर्ला
कोकणातली भुतं घेऊन लिहिणाऱ्यांना सांगणं : प्रत्येकाची हद्द ठरलेली आहे. मुंजा पिंपळावर, गिरा पाण्याकाठी, देवचार गावाच्या राखणीला. कपडे बदलून त्यांना ड्रॅक्युला केलं की इथला वाचक पुस्तक मिटतो. देवचार रगत पिऊक येना नाय, चुकलेल्याक वाट दाखवक येता!

देवगड
बरोबर. आणि गिरा घाटमाथ्यावरच्या फ्लॅटमध्ये शिरला की समजावं, लेखकाने खाडी पाहिलेली नाही.