देवानं सोडलेलं ऋण माणसाकडे बाकी राहतं का?

जुना मुनीम, इंदूर
नमस्कार. वय 61, रामबागेत राहतो. आजोबा अहमदनगरहून इकडे आले, तेव्हापासून घरात मराठी बायबल, पण चर्च हिंदी. माझी गोची तिथेच आहे. रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणतो त्यात ‘हमारे अपराधों को क्षमा कर’ येतं. आजीनं शिकवलेलं मराठी असं: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड.’ अपराध म्हटलं की कोर्टकचेरी, दुसऱ्या कुणाची तरी. ऋण म्हटलं की माझी वही उघडते.

1996 च्या दिवाळीआधी क्लॉथ मार्केटातल्या एका पेढीवर उगाहीचे, म्हणजे वसुलीचे, 8,500 रुपये मी रोजमेळात (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) चढवलेच नाहीत. कारण मोठं असतं तर बरं वाटलं असतं. आजारपण नव्हतं, काही नव्हतं, स्कूटर घ्यायची होती. ज्यानं ती रक्कम आणून माझ्या हातात दिली त्याच्यावर संशय गेला. सेठनं विचारलं, “मुनीमजी, रकम मिली थी?” मी वहीकडे बघत म्हटलं, “चढ़ी नहीं है.” म्हणायला खोटं नव्हतं! त्या गड्याला त्याच दिवशी काढलं. आता मल्हारगंजात त्याची वह्या-पेनांची टपरी आहे. मी रस्ता ओलांडून पलीकडनं जातो.

2011 च्या गुड फ्रायडेला देवापुढे सगळं कबूल केलं, रडलो. क्षमा मिळाली असं खरंच वाटलं, आजही त्यावर शंका नाही. पण हल्ली चर्चमध्ये प्रभुभोजनाचा पेला हातात आला की टपरी दिसते. बायबलात कलस्सै 2 मध्ये तर आपलं ऋणपत्र वधस्तंभाला खिळून खोडलं असं आहे. दावीद राजाही स्तोत्र 51 मध्ये म्हणतो, ‘तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे.’ मग त्या माणसाचं माझ्याकडे काही निघतं का?

वाचक
तीस वर्षं होत आली काका, जाऊ द्या. त्यालाही आठवत नसेल.

निवृत्त बाई, नगर
नोकरी गेलेल्या माणसाला आठवत नाही, हे कोणी सांगितलं?

भाऊ, तुम्ही दावीदाच्या ओळीवर टेकून बसलात, पण स्तोत्राच्या वरचा मथळा वाचा. दावीदाचं बथशेबेशी, उरीयाच्या बायकोशी, प्रकरण होऊन गेलंय, त्याचा जाब विचारून नाथान संदेष्टा येऊन गेलाय. उरीया केव्हाच युद्धात मारला गेलाय, आणि तोही दावीदाच्याच चिठ्ठीनं. दावीद कुणाच्या दारात जाणार होता? तुमचा उरीया मल्हारगंजात पेनं विकतोय.

मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीय 6 मध्ये, हिशेब स्पष्ट आहे: लुबाडलेलं पुरतं परत, वर पाचवा हिस्सा, आणि हे ज्याचं त्याला, दोषार्पण आणायचं त्याच दिवशी. जकातदार जक्कय तर लुबाडलेल्याचं चौपट परत देतो म्हणाला. पण तिथला क्रम बघा. येशूनं, जक्कय चढून बसला होता त्या झाडाखाली थांबून, ‘आज तुझ्या घरी उतरायचं आहे’ म्हटलं ते आधी, चौपट नंतर. म्हणजे तुम्ही पैसे परत केलेत म्हणून क्षमा मिळेल, असं नाही. ती मिळालीय, म्हणूनच तर पाय उचलतील.

जुना मुनीम, इंदूर
बाई, रात्री कागद घेऊन बसलो. पाचव्या हिश्शासकट 10,200. चौपट धरली तर 34,000. पण ही रक्कम सेठच्या खात्याची. त्या गड्याचं खातं वेगळं, आणि तिथे जमेला काय लिहायचं तेच सुचत नाही. बारा दिवसांवर दिवाळी असताना गेलेली नोकरी. त्याची मुलगी तेव्हा शाळेत होती.

वसईची, सध्या बडोदा
आम्ही कॅथलिक. कन्फेशनमध्ये सांगितलेलं फादर कुणाला म्हणजे कुणालाच सांगू शकत नाहीत, म्हणून तिथे बोलणं सोपं जातं. पण चोरीचं कबूल केलं की ते परत करायलाही सांगतात. आमच्या फादरांनी मला एकदा खडसावलं होतं (जावेच्या दागिन्यांवरून, सविस्तर नको): “मोकळी व्हायला जाऊ नकोस, तिचं तिला द्यायला जा.” तेवढं सांभाळा. तिथे रडून त्याच्यावर तुमची समजूत घालायची पाळी आणू नका. तो माफ करेलच असंही धरून चालू नका.

जुना मुनीम, इंदूर
काल जाऊन आलो.

टपरीवर शाळेची दोन मुलं होती, ती जाईपर्यंत थांबलो. त्यानं ओळखलं. मी उभ्या उभ्याच सांगितलं: रक्कम तू मला दिली होतीस, मी खाल्ली. पाकीट गल्ल्यावर ठेवलं. त्यानं हात लावला नाही. बराच वेळ पेनांचा डबा नीट करत राहिला. मग विचारलं, “ये बात उधर भी बोलोगे? पेढ़ी पे?”

याचा मी विचारच केला नव्हता. मी पैशांचा हिशेब करत बसलो होतो आणि त्याचं थकलेलं होतं नाव. बाजारातले जुने लोक अजून त्याला ‘तो रोकडवाला’ म्हणतात, हे त्यानंच सांगितलं.

सेठ वारले. मुलगा बसतो गादीवर, मला काकाजी म्हणतो. पेढी अकराला उघडते. सोमवारी दोघं मिळून जायचं ठरलंय. टपरी तेवढा वेळ त्याची मुलगी बघेल. पाकीट अजून माझ्याकडेच आहे.