तंबाखू ओढायच्या पाइपची चमक चार दिवसांत गेली, वर हिरवी झाक. काय चुकलं?

टूलरूमवाला
नमस्कार मंडळी. पिंपरीत टूलरूममध्ये ३१ वर्षं डाय (धातूचे साचे) घासल्या, आता निवृत्त. मुलगा इटलीहून ब्रायरचा (पाइपसाठी वापरतात त्या कठीण लाकडाचा) ठोकळा घेऊन आला, भोकं पाडलेला, एबोनाइटची दांडी बसवलेला. मी तंबाखूच्या वाटेला जात नाही, पण मेव्हण्याला पाइपचा शौक. त्याच्या साठीला द्यायचा ठरवला.

कानशीने आकार झकास आला. १५०, २२०, ३२० नंबरचे पेपर मारले आणि चामड्याचा स्पिरिटवाला तपकिरी रंग लावला. लावल्याबरोबर वाटीवर (तंबाखू भरतात तो भाग) आडवे ओरखडे उठले! आधी एकही दिसत नव्हता. तरी पुढे रेटलं. स्टीलला लावतो तो हिरवा साबण (पॉलिशची वडी) बफवर, म्हणजे पॉलिशच्या कापडी चाकावर लावला, वरून मधमाशांचं मेण. दोन दिवस आरसा. मेव्हण्याने चारदा ओढला आणि चमक गायब, वाटी हाताला चिकट लागते. लाकडाच्या छिद्रांत हिरवं बसलंय ते वेगळंच. बायको म्हणते शेवाळ धरलंय.

भुसा
काका, हिरवा साबण म्हणजे क्रोमियम ऑक्साइड. स्टीलवरून पुसला जातो, लाकडात रुतून बसतो. ब्रायरला आधी ट्रायपोली हा तपकिरी साबण, मग पांढरा साबण. प्रत्येकाला वेगळं चाक, आणि स्टीलचं चाक तर लांबच ठेवा.

मेणाचं म्हणाल तर मधमाशांचं मेण ६३ अंशांच्या आसपास वितळतं, त्याच्या आधीच मऊ पडतं. पेटलेल्या वाटीवर ते काय टिकणार? कार्नोबा घ्या, ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं. ते ८२ ते ८६ अंशांपर्यंत दम धरतं. हाताने चोळून उपयोग नाही, दगडासारखं असतं. फिरत्या चाकाला वडी टेकवा, मग पाइप.

निबवेडा
मी शाईपेनं बनवतो, त्यामुळे दांडीपुरतं बोलतो. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घातलेलं रबर. बफवर जास्त दाबलंत तर तापून गंधकाचा वास सुटतो. पाणी लावून ६०० पासून २००० पर्यंत हातानेच घासा. उन्हात ठेवलंत तर शेवाळी तपकिरी होणार, तेव्हा वहिनींचं म्हणणं पुन्हा खरं ठरेल.

दांडी काढून दोन्ही भाग वेगवेगळे घासू नका. सांध्याच्या कडा गोल होतात आणि तिथे फट दिसते. माझं पहिलं पेन असंच वाया गेलं.

कोकणी_करवत
सावंतवाडीच्या खेळण्यांसारखी लाख का नाही लावत? चमक बघा कशी असते.

भुसा
खेळण्याच्या आत कोणी निखारा ठेवत नाही हो. लाख उष्णतेने मऊ होते, फोड येतात. शिवाय लाख चढते ती फिरत्या लेथवर, घर्षणाने वितळून. वाकड्या मानेचा पाइप लेथवर कसा धरणार?

काका, बफची मोटर मिनिटाला किती फेऱ्यांची आहे?

टूलरूमवाला
ग्राइंडरचीच आहे, २८५०. चाक ६ इंची.

भुसा
म्हणजे कडेला सेकंदाला जवळजवळ २३ मीटर. लाकूड जळेल नाहीतर हातातून उडेल. १४४० ची मोटर बघा. ते नको असेल तर निदान ४ इंची चाक लावा. पाइप चाकाच्या मध्याखाली धरा, कड कधीच चाकाच्या तोंडाला द्यायची नाही.

टूलरूमवाला
मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. उडाला म्हणजे काय ते कळलं. माळ्यावरच्या पितळी डब्याला पोचा आहे. पाइप वाचला.

स्पिरिटने पुसून बराच रंग काढला, हिरवं मात्र घासूनच गेलं. परत २२० पासून सुरुवात केली. या वेळी प्रत्येक नंबर आधीच्याला आडवा, मध्ये ओल्या फडक्याने तंतू उभे करून वाळवले, ६०० पर्यंत गेलो. मग मुद्दाम गडद रंग लावला. पृष्ठभाग सपाट झाला की नाही ते बघायला डायला मार्किंग ब्लू हा निळा रंग लावायचो, आणि इथे रंग हाच ब्लू आहे हे ध्यानात यायला इतका वेळ लागला! ओरखडे दिसले ते घासून काढले. गडद रंग लाकडाच्या नैसर्गिक रेषांमध्ये तेवढा राहिला, त्यावर फिका चढवला. तासन्‌तास पेपरच मारत होतो. कार्नोबाला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि मेण लावायच्या आधीच ट्यूबलाइट त्यात दिसत होती.

साठी होऊन गेली. मेव्हणा म्हणतो, आता ओढवत नाही, कपाटात ठेवतो. माझी बहीण खूश आहे. कोणाकडे आणखी ठोकळा आहे का?