वायरलेस सेन्सर नेटवर्क: सिम्युलेशनऐवजी कोणता प्रोजेक्ट द्यावा?

अदिती_ईएनटीसी: नमस्कार. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला वायरलेस सेन्सर नेटवर्क शिकवते. आतापर्यंत सगळं एनएस-2 या सिम्युलेशन सॉफ्टवेअरवर. मुलं आलेख काढून जर्नल पूर्ण करतात, पण नोड (नेटवर्कमधलं एक सेन्सर-यंत्र) बंद पडला की नेटवर्कचं काय होतं हे कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. कॉलेजला लागून द्राक्षबाग आहे, मालक परवानगी देतील. चार-पाच जणांच्या गटाला झेपेल असं काय द्यावं?

रानवारा: मॅडम, बाग हाताशी आहे म्हणजे अर्धं काम झालं. पान किती वेळ ओलं राहतं यावर डाऊनी या द्राक्षाच्या बुरशीजन्य रोगाचा धोका ठरतो, तेव्हा तापमान, आर्द्रता आणि पानावरचा ओलावा मोजायला द्या. बागायतदारही रस घेतील.

गुण मात्र आलेखाला नको, हरवलेल्या पॅकेटांच्या (नोडने पाठवलेल्या एकेका संदेशाच्या) हिशेबाला द्या. प्रत्येक पॅकेटला अनुक्रमांक घालायला लावा. गेटवेवर (सगळे संदेश जिथे जमा होतात त्या नोडवर) 41 नंतर थेट 44 आला की मधले दोन कुठे गेले हे मुलं आपणहून शोधतात. गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर) उघड्या बागेत एकदा आणि कॅनोपी, म्हणजे पानांचा पसारा, भरल्यावर पुन्हा मोजा. पानांतलं पाणी 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल शोषतं, ते आकड्यांत दिसेल.

सुरुवात ईएसपी32 (वायफाय असलेली मायक्रोकंट्रोलर चिप) आणि ईएसपी-नाऊने (बोर्ड ते बोर्ड थेट संदेश पाठवायची पद्धत) करा, राउटर लागत नाही. मातीचा सेन्सर जोडलात तर कॅपॅसिटिव्हच घ्या, रेझिस्टिव्हचे पाय गंजतात. सेन्सर जोडायची ईएसपी32 ची पिन जीपीआयओ 32 ते 39 मधलीच हवी. वायफाय चालू असताना एडीसी2 च्या (अ‍ॅनालॉग सिग्नल वाचणाऱ्या दुसऱ्या गटाच्या) पिना रीडिंग देत नाहीत आणि मुलं उगाच सेन्सर बदलत बसतात.

सोल्डर_गन: अनुमोदन. बॅटरीचंही बघा. डीप स्लीपमध्ये (दोन रीडिंगमधल्या गाढ झोपेत) चिप जेमतेम 10 मायक्रोअँपिअर घेते, पण बोर्डवरचा रेग्युलेटर, यूएसबी चिप आणि एलईडी जागेच असतात. बोर्ड झोपेतही 10 मिलीअँपिअर ओढत असेल तर 2600 एमएएचचा सेल 11 दिवसांत रिकामा. मल्टिमीटर सीरिजमध्ये लावून मुलांनाच मोजू द्या.

अदिती_ईएनटीसी: पॅकेटच्या हिशेबाची कल्पना फार आवडली! बाग लांबट आहे, टोकाचा नोड पोचेल का? थेट लोरा (लांब पल्ल्याचं, कमी विजेचं रेडिओ तंत्र) घेऊ?

रानवारा: आधी मधला नोड रिले म्हणून, म्हणजे संदेश पुढे ढकलायला, वापरा, मल्टिहॉप (टप्प्याटप्प्याने संदेश पोचवणं) तिथेच शिकवून होईल. मग तो मुद्दाम बंद करा आणि पर्यायी मार्गाचा कोड मुलांना लिहू द्या. लोरा त्यानंतर. मॉड्यूल 865 ते 867 मेगाहर्ट्झचं मागवा, भारतात त्या पट्ट्याला परवाना लागत नाही. आणि अँटेना जोडल्याशिवाय ट्रान्समिट करू नका, मॉड्यूल जळू शकतं.