गलाईचे दुकान दंगलीत जळाले. भरपाई कोणाकडे मागावी?

विटेकर:
माझे धाकटे बंधू इम्फाळमध्ये सोन्याचांदीच्या गलाईचा, म्हणजे जुने दागिने वितळवून धातू शुद्ध करण्याचा, व्यवसाय करीत. मे २०२३ च्या हिंसाचारात त्यांचा भाड्याचा गाळा जळाला आणि भट्टी, तराजू, वह्या, सराफांनी गाळायला दिलेले जुने दागिने, सारे गेले. तेथील एका कार्यालयाने ‘गाळा आपल्या नावावर नाही’ एवढ्यावर अर्ज परत केला. आम्ही खानापूर तालुक्याचे रहिवासी; महाराष्ट्र शासनाकडे दाद मागता येईल का?

वकील, सांगली:
नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५१ मध्ये बेकायदेशीर जमावाने केलेल्या नुकसानीच्या भरपाईची तरतूद आहे, परंतु ती या राज्यातील घटनांपुरती. १९८४ चा केंद्रीय कायदाही केवळ सार्वजनिक मालमत्तेचा आहे. मणिपूरसाठी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये माजी न्यायमूर्ती गीता मित्तल यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली, तिच्या कामात भरपाई व पुनर्वसन येते. मुंबई उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती शालिनी फणसळकर-जोशी तिच्या सदस्य आहेत. अर्ज परत करण्याचे कारण मला पटत नाही. इमारत घरमालकाची असली तरी आतील सामान भाडेकरूचे असते, तेव्हा भाडेकरार जोडून केवळ सामानाचा अर्ज नव्याने करावा आणि त्याची प्रत समितीकडेही पाठवावी.

निवृत्त विमा सर्वेक्षक, मिरज:
विमा होता का, हे आपण लिहिलेले नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच. आगीच्या पॉलिसीत दंगलीचे नुकसान सहसा धरलेले असते, यादवी युद्ध मात्र वगळलेले असते, म्हणून पोलिसांच्या फिर्यादीत घटनेचे वर्णन काय आहे ते आधी वाचावे. शासकीय मदतीला मर्यादा असते: २०२० च्या दंगलीनंतर दिल्ली शासनाने विमा नसलेल्या व्यापारी मालमत्तेसाठी कमाल ५ लाख रुपये जाहीर केले होते, मग नुकसान कितीही असो.

गलाईवाला, खटाव:
आपल्या धंद्यात खरी अडचण धातूची होते. सोने जळत नाही, वितळून राखेत उतरते. त्यामुळे पंचनाम्याआधी राख हलली असेल तर ‘माल गेलाच कशावरून’ असे विचारले जाते. झारेकऱ्याकडून राख धुऊन घेतली असल्यास निघालेल्या धातूचे वजन लपवू नये, तेवढे वजा करूनच मागणी करावी. शिवाय सराफांचे दागिने हा आपला माल नव्हे. बंधूंच्या वह्या गेल्या तरी सराफांच्या पेढीवर नोंदी असतीलच. त्यांच्याकडून वजन आणि टंच (धातूची शुद्धता) लिहून, सहीशिक्क्यासह घ्या. जीएसटीची विवरणपत्रे पोर्टलवरून काढता येतात.