मिटवता येणाऱ्या कापडी छताची स्प्रिंग बदलण्याआधी

दुकानापुढचे मिटवता येणारे कापडी छत उघडल्यावर झोल पडतो, म्हणून स्प्रिंगच बदलावी, असा सल्ला काही जण देतात. मात्र त्याआधी कापड रुळावर योग्य बाजूने गुंडाळले जाते का, हे पाहावे, कारण हँडल उलटे फिरवले गेल्यानेही नेमका असाच झोल येतो. दुमडणाऱ्या हातांच्या छतात, म्हणजे कोपरासारखा सांधा असलेले आधाराचे दांडे ज्याचे कापड पुढे ताणून धरतात अशा छतात, स्प्रिंग ॲल्युमिनियमच्या हातात बसवलेली असते आणि कोपराच्या सांध्यावरून जाणाऱ्या पोलादी तारेच्या किंवा साखळीच्या साहाय्याने ती हात सतत बाहेर ढकलते, त्यामुळे तिच्यावर सर्वाधिक ताण असतो तो छत मिटलेले असताना. मिटलेले छत निरुपद्रवी मानून बोल्ट सोडणे म्हणूनच घातक ठरते. हाताचे दोन्ही भाग एकमेकांना जाड पट्ट्याने घट्ट बांधल्याशिवाय पुढच्या दांड्याचा (कापडाची पुढची कड ज्याला जोडलेली असते त्याचा) बोल्ट सोडूच नये. एकच बाजू ढिली असेल, तर अनेकदा स्प्रिंग शाबूत असते आणि तार तुटलेली असते. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत ती गंजतेही लवकर. हात उघडून स्प्रिंग बदलण्यापेक्षा पूर्ण हातच, तोही शक्यतो जोडीने, बदलावा असे माझे मत आहे, कारण एक हात नवा आणि दुसरा थकलेला असला की पुढचा दांडा तिरका सरकतो.